शून्य अक्षरांचं अंतर

माझ्याकडे माणसं येत नाहीत.
नळ्या येतात, अंगावर आकडे घालून,
वॉल्सॉलहून, स्मेदिकहून, डडलीहून.
आत, कित्येक आठवडे उबेत वाढलेलं
भाकरीच्या कोरड्या चुऱ्यासारखं काहीतरी.
मी ते आधी मारते, मग फोडते,
मग वाचते.

चव्वेचाळीस लाख अक्षरं. मुळाक्षरं चारच.
क्षय म्हणजे झिजणं, अक्षर म्हणजे न झिजणारं,
असं गडहिंग्लजला हत्तरकी बाईंनी शिकवलेलं,
तेव्हा ते परीक्षेपुरतं होतं.
आता दोन्ही एकाच पडद्यावर, रोज दुपारी.

बर्मिंगहॅमला नोव्हेंबरात चारलाच अंधारतं.
पडद्यावर झाड वाढत जातं, फांदीला फांदी,
आणि मला हेळवी आठवतो.
सुगी संपली की बैलावर बसून यायचा,
आमच्या सात पिढ्या खडाखडा म्हणायचा,
कोण कुठून उठला, कुठे जाऊन बसला,
कुणाचा वंश बुडाला,
आणि पायलीभर जोंधळे घेऊन पुढच्या दारात.
मी तेच करते.
माझे जोंधळे महिनाअखेरीला बँकेत येतात.

साडेचारशेव्या घरात आधी डोकावते. तिथे सी हवा.
टी बसला असेल तर केशरी गोळी गेली.
(ती गोळी घेतली की लघवी केशरी, घाम केशरी,
रडलं तर आसवंही.
टी असेल तर नुसतंच केशरी रडायचं.)
मग दुसरं जनुक, मग तिसरं.
एका अक्षराची चूक, एक औषध बाद.
शाळेत एवढ्यासाठी अर्धा गुण कापायचे.

या खेपेला तीन नळ्या, तिन्ही डडलीच्या.
दोघांत बारा अक्षरांपर्यंत फरक असला
तर आम्ही विचारतो, भेटला होतात का?
पाचापर्यंत असला तर फक्त, कुठे?
इथे शून्य.

डिलिस प्रॉसर, तिथली क्षयाची नर्स, फोनवर:
एक एरिट्रियाचा, कोंबड्यांच्या कारखान्यात रात्रपाळीला.
एक एकोणीसची, केस कापायला शिकणारी.
एक म्हातारा, किल्ल्या बनवायचा,
वेल्सचा किनारा सोडला तर कुठेच न गेलेला.
पब वेगळे, देव वेगळे, बसचे नंबर वेगळे.
एकमेकांची नावंही ठाऊक नाहीत.
मला तर अजूनही नाहीत.

तीन आठवड्यांनी पत्ता लागला:
नाणी टाकून कपडे धुवायचं दुकान.
म्हातारा कपडे न घेताच जायचा.
घरचा हीटर परवडेना,
म्हणून ड्रायरसमोरच्या बाकावर, गुरुवारी, दोन-दोन तास.
दारं-खिडक्या लावलेल्या, काचा घामेजलेल्या.
एका टोकाला तो, मध्ये कुणाची तरी टोपली,
पलीकडे ते दोघं, कधी एक, कधी दुसरं.
बोलणं नाही.
गोल काचेत दुसऱ्याचे कपडे फिरताना बघायचे,
एवढंच सोबतीचं.
मालकीण म्हणे कधी हाकलायची नाही त्याला.

आता तो विचारतो,
पोरीला माझ्यामुळे झाला का?

डिलिस मला विचारते.
मी झाड पुन्हा उघडते, पुन्हा मोठं करते.
तीन पानं एकाच देठाला, बाण कुठेच नाही.
हेळव्याला विचारलं असतं
तर त्याने बेधडक काहीतरी सांगितलं असतं,
आणखी एका पायलीसाठी.
शून्य अक्षरांच्या अंतरावर
आधी कोण खोकलं, ते लिहिलेलं नसतं.

म्हटलं, सांग त्याला, दिशा ठरवता येत नाही.
ती म्हणाली, ते मी कालच सांगितलं.
त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठी विचारतेय. खरं काय?
म्हटलं, हेच.
ती थोडा वेळ फोन धरून राहिली.
मागे कुठेतरी किटली शिट्टी घालत होती.

चौथी नळी आलीय. टिप्टनहून.
अजून उबेत आहे.